श्रवणचाचणी

तोफखान्यात बावीस वर्षे काढलेला वृद्ध सैनिक बहिरेपणाच्या पेन्शनसाठी चौथ्यांदा वैद्यकीय मंडळापुढे आला होता. "या खेपेस काम होईल, वहिनी," दाराशी बसलेला कारकून त्याच्या पत्नीला म्हणाला. "अध्यक्ष निवृत्त सेनाधिकारी आहेत. त्यांना स्वतःलाच ठार बहिरेपणाचं पेन्शन चालू आहे. दुखणं ठाऊक आहे त्यांना."

नाव पुकारले गेले तेव्हा तिने नित्याप्रमाणे नवऱ्याच्या कोपराला स्पर्श केला आणि तो उठून तिच्यासोबत आत गेला. उघड्या दारातून पाहणाऱ्या मंडळाला तेवढेच पुरले.

"हाक मारताच उठले, म्हणजे ऐकू येतं," असे म्हणत अध्यक्षांनी अर्जावर नामंजुरीचा शेरा लिहिला. "अशा पेन्शनांच्या ओझ्यानेच तिजोरी वाकली आहे." मग ते जाऊन दूरच्या खिडकीशी पाठमोरे उभे राहिले.

तिने कागदाची घडी घालून ती पिशवीत ठेवली. संताप पहिल्या तीन खेपांतच सरला होता. पंख्याच्या घरघरीत विरून जावे इतक्या हलक्या स्वरात ती केवळ पुटपुटली, "चोराच्या उलट्या बोंबा."

शेजारी उभ्या नवऱ्याला काही कळले नाही.



खिडकीशी पाठमोरे असलेले अध्यक्ष गर्रकन वळले. "चोर कोणाला म्हणता हो, बाई?"