घरची रीत

गर्दीत मिनलची छाती धडधडायची, म्हणून ती दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडे जायची. आज दुपारी जेवताना सासरे मधुकरराव सगळ्यांदेखत म्हणाले, "नुसतं बोलून काय होते वं? मनाचे चोचले आहेत हे. आमच्या घरात भित्रं कोणी जन्मलंच नाही."

सासूबाई पुष्पलताबाई वाढत होत्या. कळमन्याच्या धान्यबाजारात लिलावाच्या वेळी डरकाळ्या फोडणाऱ्या आपल्या या अडत्या नवऱ्याला रात्री खोलीत एकट्याने झोपायचं म्हटलं की दरदरून घाम फुटतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. 'आमच्या घरची सून माहेरी मुक्काम करत नाही' ही रीत तेव्हाच निघाली. त्या रीतीपायी आईच्या शेवटच्या आजारातही त्यांना माहेरी वरूडला एक रात्र काढता आली नव्हती.

मिनलच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी पाहिलं आणि हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "मी उद्या वरूडले चालली. आठ दिवस राहीन. निजा तुम्ही एकटे."

 

हात धुवायच्या निमित्ताने मधुकरराव सुनेच्या मागे बेसिनपर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "बेटा, त्या मॅडमची आजची वेळ मिळते का?"