आठ जीबी

दुपारी सव्वादोनला सुधाकर भोगल्यांनी घरच्या संगणकातली रॅम काढून नवी बसवायला घेतली. तीनला मुक्ताची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती, वयाच्या अटीमुळे शेवटचीच. सूचनेत लिहिले होते, रॅम आठ जीबी हवी.

"बाबा, खाच जुळत नाहीये. नमुन्याला जुनी नेली होतीत ना दुकानात?"

"आठ मागितली, आठ मिळाली. नमुना कशाला?" नळाचा वायसर आणतानाही जुना खिशात घालून नेणारे भोगले म्हणाले.

"राहू द्या. चारवर रडतखडत चालेल, जुनीच लावा."

तोवर त्यांनी अंगठ्याने जोर दिला होता. स्लॉट कट्‌कन मोडला. आता जुनीही त्यात बसेना.

तीनला दोन मिनिटे कमी होती. संगणकाचा पंखा फिरत होता, पडदा काळाच होता.

"बाबा, असू द्या आता."

भोगले अजून बटण दाबत होते.