वासावरचा इलाज

"तुझ्या अंगाला खालून वास येतो," असं एकदा म्हणून योगराजने आपलं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं, ते नेलंच. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये दिवसभर केमिकलच्या वाफेत उभा राहणाऱ्या नवऱ्याला आपला वास सोसत नाही, या विचाराने रंजना शरमेने अर्धी झाली. डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत मोरीचं दार लावून ती रोज सुगंधी साबणाने आतूनसुद्धा धुऊ लागली. शेवटी खाज आणि आग इतकी वाढली की बसवेना, आणि मग खरोखरच वास येऊ लागला.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. "रंजनाबेन, दह्यात असतात ना, तसे चांगले जंतू तिथेही असतात. तेच राखण करतात. तुम्ही धुऊन धुऊन त्यांनाच मारलंत. आधी साबण बंद करा. औषध देते, सोबत या प्रोबायोटिकच्या गोळ्या घ्या."

हळूहळू ती बरी झाली. शेवटच्या तपासणीहून आली ती हसतच. योगराज चहा पीत बसला होता.

"अहो, डॉक्टरबाई म्हणाल्या, आता सगळं ठीक आहे. वास नाही, काही नाही. तुमचं अंथरूण आत घालू?"

त्याने मोबाईलमधून मान वर केली नाही.



"वास तेव्हाही नव्हता. तुझ्याजवळ झोपायचं नव्हतं, म्हणून तसं म्हणालो."