गळतीवरचा इलाज

बराकपूरजवळच्या गॅस केंद्रात गळती मोजायला पथक येणार म्हणताच रघुनाथ साहेबांनी कॉम्प्रेसरच बंद करायला लावला.

"साहेब, बंद केला तरी आत गॅसचा दाब राहतोच. यंत्र थांबलं की झिजलेली सीलं घट्ट बसत नाहीत, उलट जास्त गळेल," इंजिनिअर देवयानी म्हणाली. "नवी सीलं स्टोअरमध्ये धूळ खात पडलीत, ती बसवू या."

"देवयानीबाई, बंद नळ कधी गळतो का?"

साहेबांच्याच केबिनमधला बंद नळ ठिबकत होता.

दुसऱ्या दिवशी पथकासमोर मीटरने रोजच्या दुप्पट आकडा दाखवला. साहेबांना घाम फुटला. "चालू करा तो कॉम्प्रेसर!" तो सुरू झाला, आकडा निम्म्यावर आला आणि साहेबांची छाती फुगली.

"पाहिलंत? दहा मिनिटांत गळती अर्धी!"

साहेबांनी मागवलेलं मिष्टी दोई, म्हणजे बंगाली गोड दही, चाटूनपुसून खाल्ल्यावर पथकाने शेरा लिहिला : 'हा उपाय सर्व केंद्रांनी राबवावा.'