लढाईवर धाडायचा फोटो

पहिल्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी नेसरीची चिमणाबाई कोल्हापुरात अल्लाउद्दीनच्या फोटोच्या दुकानात एकटीच आली. तिचा एकुलता लेक बसऱ्याकडं लढाईवर होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं.

"लेकाला फोटो धाडायचाय," ती म्हणाली. "पर म्हातारी दिसाय नगं. पोरगं उगं काळजी करतंय."

प्लेगात घर रिकामं झाल्यापासून अल्लाउद्दीननं कुणाच्या तोंडून असे मायेचे बोल ऐकले नव्हते. नवं भिंग एकेक सुरकुती दाखवायचं, म्हणून त्यानं जुनं पितळी नळीचं भिंग काढलं, कॅमेऱ्याच्या तोंडाचं लाकडी कडं घासून त्यात ते बसवलं. त्यातून चेहरा मऊ यायचा.

"खिडकीकडं बघा, हलू नगासा," म्हणत त्यानं डोक्यावर काळं कापड घेतलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चिमणाबाईचा चेहरा धूसर होता. त्यानं भिंग पुढंमागं सरकवलं, तरी तो धूसरच राहिला. स्पष्ट झाली ती तिच्या खांद्यावरची चार बोटं.

त्यानं कापड बाजूला फेकलं. खुर्चीत ती एकटीच होती. मागं नुसता पडदा.

खिडकीवरची नजर न हलवता चिमणाबाई हळूच म्हणाली, "पावणं, खांद्यावरचा हात काढा की. लई गार हाय."