पायरीवरच्या चपला

"मॅडम, इकडे पाहा. प्रश्न मी विचारतोय, दार नाही."

अमरावतीहून परीक्षक म्हणून आलेले डॉ. शेखर असं म्हणाले, तेव्हा हर्षाने मान वळवली. क्षणभरच. नजर पुन्हा उघड्या दाराकडे. फॅमिली डॉक्टरकी शिकायची जागा एक, आणि ती घालवायची हिलाच घाई!

मुलाखती अकोल्याच्या जुन्या शहरात, खुशालराव डॉक्टरांच्या दवाखान्यात चालल्या होत्या. मुलाखतीपायी पेशंट परत पाठवणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून एक उमेदवार, मग एक पेशंट. मघाशी आधीचा उमेदवार ललित सहानुभूतीची व्याख्या अशी सुरेख सांगून गेला, की शेखरसरांनी ती उतरवून घेतली. त्याच्यामागून पार्बताबाई गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेल्या. आता हर्षा.

"चांगल्या फॅमिली डॉक्टरचा पहिला गुण?"

"ऐकून घेणं, सर. म्हणजे..." ती अर्धी उठली, बसली. ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली. शेखरसरांनी एकाग्रतेचे दहापैकी दोन मांडले.

"बस सुटून राहिली का तुमची?" खुशालरावांनी विचारलं.

"नाही सर. आलेच." आणि ती चक्क बाहेर गेली.

पायरीवर पार्बताबाई अजून उभ्याच होत्या. चपला घालत होत्या, पुन्हा काढत होत्या.

"मावशी, सांगायचं काही राहिलं का?"

"काई नाई वो माय." पदर छातीशी घट्ट धरलेला. मग अगदी हळू, "गाठ हाय. दिवाळीपासून."

हर्षाने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि खुशालरावांच्या कानात सांगितलं. त्यांचा चष्मा खाली आला.

"पार्बताबाई, इतक्या वर्षांपासून येता तुमी. मले काहून नाई सांगतलं?"

"कवा सांगू जी? गुडघा म्हटलं का तुमी लिवाले लागता. चिठ्ठी हाती पडत नाई, तं पुढच्याले आवाज."

हर्षाने त्यांना तपासायच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढून घेतला.

"उत्तर अर्धंच राहिलं हिचं," शेखरसर कुजबुजले. "गुण किती लिहू, सर?"

पुढचा पेशंट, चंद्रभान, येऊन बसलाच होता. खुशालरावांनी त्याचं बीपी मोजलं, चिठ्ठी दिली. तो सवयीने उठला.

"बसा. अजून काही हाय का, चंद्रभानजी?"

चंद्रभान मटकन खाली बसला. "अजून? काहून जी, मले काही निंघालं का?"