चौथी बाजू

"एकट्याने कुंपण घालतोयस? गावातली माणसं मेली काय?"

विटोमीर फाटकातून आत आला तो हे म्हणतच. खांद्यावर स्वतःचं फावडं. शेजारी असूनही राडिवोयने त्याला बोलावलं नव्हतं. खरं तर कोणालाच बोलावलं नव्हतं, आणि आमच्या गावात ते कोणाला शोभत नाही. कुंपण असो, छप्पर असो, एक हाक दिली की गल्लीतली माणसं येतात, मजुरी घेत नाहीत, दुपारी जेवून जातात. एकटा खणत बसणारा माणूस एक तर कंजूष असतो, नाहीतर त्याला काही लपवायचं असतं.

"म्हटलं, कशाला लोकांना त्रास," राडिवोय म्हणाला.

"त्रास म्हणे! आणि नऊ कोंबड्या गेल्या, तो काय सुखसोहळा?"

विटोमीरने खुराड्याभोवती एक फेरी मारली. जुन्या जाळीखाली बीळ पाडलेलं होतं. तो गुडघ्यावर बसला आणि जाळीच्या टोकाला अडकलेले केस त्याने चिमटीत घेऊन उजेडात धरले. तांबूस, टोकाशी पांढुरके.

"कोल्हाच. बघ."

राडिवोयने पाहिलं. असलेच केस त्याने एप्रिलमध्ये, पहिल्यांदा कोंबड्या गेल्या तेव्हा, याच जाळीवरून काढले होते. तेव्हा त्याला त्यात विटोमीरचा कुत्रा दिसला होता. झुचाही तांबूसच. राडिवोयने कोणाला काही विचारलं नाही. मटणाच्या तुकड्यात विष घातलं, आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याला आलुबुखाराच्या झाडाखाली पुरून वर पाला पसरला. मग विटोमीर शोधायला निघाला, तर हाही त्याच्याबरोबर निघाला. दोन दिवस दोघे ओढ्याकाठी, रानात, पलीकडच्या गावात हिंडले. "झुचाऽ, झुचाऽ" ही हाक मालकापेक्षा यानेच जास्त मोठ्याने मारली. ते आठवलं की अजूनही त्याचे कान तापायचे. आता तर ते केस समोर होते, आणि झुचाला जाऊन सात महिने झाले होते.

"दोन वीत खोल चर पाहिजे चारी बाजूंनी," विटोमीर सांगत होता. "जाळी त्यात उतरवायची आणि खाली बाहेरच्या अंगाला दुमडायची. कोल्हा अगदी जाळीला नाक लावून उकरतो. दोन पावलं मागे सरून उकरावं, एवढी अक्कल त्याला नसते. तुझी ही जाळी म्हणजे कोंबड्यांना कैद आणि कोल्ह्याला आमंत्रण."

दोघे खणायला लागले. विटोमीरचा हात तरबेज. तो चर सरळ ओढायचा, निघालेले दगड बाजूला लावून ठेवायचा, जाळी दुमडून झाली की तेच दगड तिच्यावर दाबायचा. अधूनमधून राडिवोयची टर उडवायचा. राडिवोय हसायच्या जागी हसत होता. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या.

लेपोसावा दारात आली. नवऱ्याने एप्रिलमध्ये काय केलं, याचा तिला पत्ता नव्हता.

"भावोजी, हात धुवा! राजम्याचं कालवण उतरवलंय. आधी घरी गाळलेली घोटभर राकिया घ्या, घाम गाळलाय तुम्ही." मग खुराड्याकडे बघून म्हणाली, "तुमचा झुचा असता ना, तर कोल्ह्याने इकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नसतं."

"खरंय वहिनी," विटोमीर म्हणाला. "एवढी एक बाजू झाली की आलोच."

ती आत गेली. विटोमीर चौथ्या बाजूला, आलुबुखाराच्या झाडाकडे वळला.

"ती राहू दे," राडिवोय घाईने म्हणाला. "तिथे मुळं आहेत. फावडं चालत नाही. मी वरून दगड रचतो."

"मग कोल्हा तिथूनच येणार."

"मुळं फार आहेत रे."

विटोमीर थांबला. फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तो झाडाखालच्या जमिनीकडे बघत राहिला. त्याने आता ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात, असं राडिवोयला मनापासून वाटलं. शिव्या सोसल्या असत्या.

"तूच खण," विटोमीर म्हणाला. "सावकाश खण. त्याच्या गळ्यातला पट्टा मी माझ्या कमरेच्या पट्ट्याचा केला होता. पितळी बक्कल आहे. तेवढा मला आणून दे."

राडिवोयला मान वर करवेना.

"तुला... कधीपासून?"

"शोधायला गेलो त्याच दिवसापासून. तू हाका मारत होतास. पण हाक मारून एकदाही कानोसा घ्यायला थांबला नाहीस."

"मग आज का आलास?"

"वाटलं, आज तरी सांगशील."

विटोमीरने नळावर फावडं धुतलं, खांद्यावर टाकलं आणि फाटक लोटून तो निघून गेला. फाटकाची कडी मात्र त्याने आठवणीने लावली, कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून.

लेपोसावा हातात पाव घेऊन बाहेर आली. आत टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या दिसत होत्या.

"अहो, भावोजी न जेवता गेले? अर्धा दिवस राबलेला माणूस असा उपाशी जातो का कधी? गावात काय तोंड दाखवायचं? काय बोललात त्यांना?"

"मुळं आहेत म्हणालो," राडिवोय म्हणाला.

त्याने फावडं उचललं आणि झाडाखाली जाऊन पाय देऊन दाबलं. ते अख्ख्या पात्यानिशी सरळ आत गेलं. माती भुसभुशीत होती. मूळ एकही लागलं नाही.